दोराच्या टोकाला फासा नसेल तर

जन्मजात चयापचयाचे दुर्मीळ आजार आणि प्रतिकारशक्ती : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

मुंबईच्या भाऊच्या धक्क्याहून निघालेली लाँच मोरा बंदराला लागते तेव्हा एक काम रोज सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होतं आणि कुणीच ते बघत नाही. लाँचचा वेग मंदावतो, खलाशी दोर फेकतो, दोराच्या टोकाचा फासा खुंट्यात बसतो, दोर ताणला जातो आणि लाँच धक्क्याला घासत थांबते. माणसं उतरतात ती त्यानंतर.

आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जवळजवळ याच क्रमाने कामाला लागतात. बोटाला काटा टोचला, जंतू आत शिरले, की वाहत्या रक्तातली पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीशी आधी मंदावते, मग चिकटते आणि शेवटी भिंत ओलांडून जंतूंवर तुटून पडते. काही मुलांमध्ये पेशी भरपूर असतात, भिंतही धड असते, फक्त दोराला फासा नसतो. तो नसण्याचं कारण सापडतं शरीराच्या रसायनशाळेत, एका साध्या साखरेच्या वाहतुकीत. प्रतिकारशक्ती आणि चयापचय ही आपण दोन वेगळी खाती समजतो. या विषयातले बहुतेक गैरसमज तिथूनच सुरू होतात.

गैरसमज : बॉम्बे ब्लड ग्रुप हा रक्ताचा आजार आहे.

वस्तुस्थिती : हा आजार नव्हे. १९५२ मध्ये मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजमधले डॉ. वाय. एम. भेंडे यांनी सहकाऱ्यांसह हा रक्तगट ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात मांडला. ए आणि बी हे रक्तगट ज्या पायावर उभे राहतात त्याला ‘एच’ म्हणतात. तांबड्या पेशीवरच्या साखळीला फ्यूकोज नावाची साखर जोडली की हा पाया तयार होतो. बॉम्बे गटाच्या माणसात हे जोडकाम करणारं विकर, म्हणजे एन्झाइम, जन्मतःच नसतं. बाकी तब्येत ठणठणीत असते.

पंचाईत होते ती रक्त चढवताना. नेहमीच्या तपासणीत हा गट ओ सारखा दिसतो, पण या माणसाच्या रक्तात एचविरुद्ध प्रतिपिंडं असतात आणि ओ गटाच्या पेशींवर एच भरपूर असतो. म्हणून ‘ओ सगळ्यांना चालतो’ हा नियम इथे जिवावर बेतू शकतो. बॉम्बे गटाला बॉम्बे गटाचंच रक्त लागतं.

आता फाशाकडे येऊ. १९९२ मध्ये इस्राएलमधल्या डॉक्टरांनी दोन मुलांचं वर्णन केलं. वारंवार जंतुसंसर्ग, खुंटलेली वाढ, बौद्धिक विकासात अडथळा, आणि रक्तगट बॉम्बे. या मुलांमध्ये जोडकाम करणारं एखादं विकर बिघडलेलं नव्हतं. पेशीतल्या ज्या विभागात साखळ्या चढवल्या जातात, तिथवर फ्यूकोज नेणारा वाहकच सदोष होता. त्यामुळे ही साखर तांबड्या पेशींना मिळाली नाही आणि पांढऱ्या पेशींनाही नाही. पांढऱ्या पेशीला भिंतीशी अडकवणारा जो फासा, त्यात फ्यूकोज लागतंच. अशा मुलाचं रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशींची संख्या भरमसाट येते, पण जखमेत पू धरत नाही. लाँचांवर लाँचा येताहेत आणि धक्क्याला एकही लागत नाही, असा प्रकार. ‘पू नाही, म्हणजे जखम बरी आहे’ हा घरगुती अंदाज इथे साफ फसतो.

या आजाराला ल्युकोसाइट अ‍ॅडहीजन डेफिशियन्सीचा दुसरा प्रकार म्हणतात. बॉम्बे गटाची जवळजवळ सगळी माणसं निरोगी असतात. संसर्गाने बेजार झालेल्या तान्ह्या मुलात हा गट निघाला, तरच डॉक्टरांनी पुढचा विचार करायचा.

गैरसमज : मूल सारखं आजारी पडतं, म्हणजे प्रतिकारशक्ती कमी. टॉनिक द्या, वाढेल.

वस्तुस्थिती : प्रतिकारशक्ती ही टाकीतल्या पाण्यासारखी कमी-जास्त होणारी एकच गोष्ट नाही. तिच्यात अनेक पेशी, अनेक प्रथिनं आणि त्यांची ठरलेली कामं असतात. बालवाडीत जाणाऱ्या मुलाला वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी-खोकला होणं हे बहुतेक वेळा अगदी नेहमीचं असतं. त्यासाठी टॉनिक नको आणि धास्तीही नको.

काळजी करायची ती वेगळ्या खुणांची. वर्षात दोन वेळा न्यूमोनिया, चार किंवा जास्त वेळा कान फुटणं, महिनोन् महिने अँटिबायोटिक देऊनही गुण न येणं, वजन न वाढणं, महिना उलटला तरी नाळ न गळणं, किंवा आधीचं भावंड तान्हेपणी संसर्गाने दगावलेलं असणं. यातलं काही असेल तर नेमका कुठला दुवा तुटला आहे ते शोधावं लागतं, आणि तो दुवा कुठल्याच काढ्याने जोडला जात नाही.

हे शोधण्याचं काम आपल्या खाडीपलीकडे, मुंबईत चालतं. परळला केईएम रुग्णालयाच्या बहुमजली इमारतीत तेराव्या मजल्यावर राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्था आहे. १९५७ मध्ये ती रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून सुरू झाली. तिथे डॉ. मनीषा मडकईकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जन्मजात प्रतिकारदोषांच्या निदानावर अनेक वर्षं काम केलं आहे. चमचाभर रक्तातल्या पेशी एकामागोमाग लेझरच्या झोतासमोरून जातात आणि कुठल्या पेशीवर कुठलं प्रथिन आहे किंवा नाही, हे यंत्र टिपतं. फासा आहे की नाही, ते असं कळतं.

गैरसमज : चयापचयाच्या आजाराचा आणि संसर्गाचा काय संबंध?

वस्तुस्थिती : १९७२ मध्ये अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरात एलॉइस गिब्लेट या रक्तगटतज्ज्ञ बाईंकडे एका मुलीच्या रक्ताचा नमुना आला. मुलीची प्रतिकारशक्ती जवळजवळ नव्हती आणि अस्थिमज्जा प्रत्यारोपणासाठी जुळणी पाहायची होती. तपासताना बाईंच्या लक्षात आलं की अ‍ॅडेनोसिन डीअमिनेज, थोडक्यात एडीए, हे विकर या रक्तात नाहीच. ते नसलं की पेशींच्या मोडतोडीतून निघणारा कचरा साचतो, आणि त्या विषाने सर्वांत आधी लिम्फोसाइट नावाच्या लढाऊ पेशी मरतात. प्रतिकारशक्तीचा जन्मजात आजार एका विकराच्या अभावाने होतो, हे तेव्हा पहिल्यांदा दिसलं. पुढे १४ सप्टेंबर १९९० रोजी अमेरिकेत चार वर्षांच्या एका मुलीवर जनुकोपचार झाला, तो याच आजारावर.

अशा बाळांबाबत लसीचा मुद्दा नीट समजून घ्यायला हवा. बीसीजी आणि पोलिओचे तोंडी थेंब यांत दुबळे केलेले, पण जिवंत जंतू असतात. निरोगी बाळाला ती ढाल असते, म्हणून लस चुकवायची नाही. मात्र आधीचं भावंड संसर्गाने गेलं असेल, तर लस देण्याआधी ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालायची.

गैरसमज : आमच्या सात पिढ्यांत कुणाला नाही, मग आनुवंशिक कसा?

वस्तुस्थिती : यातल्या बहुतेक आजारांत आई आणि बाप दोघांकडे जनुकाची एक प्रत चांगली आणि एक सदोष असते. चांगली प्रत काम निभावून नेते, म्हणून दोघं धडधाकट. बाळाला दोघांकडून नेमकी सदोष प्रत मिळाली की आजार होतो. ती शक्यता दर गरोदरपणी चारात एक असते. ‘एकाला झालं, आता पुढची तीन सुटली’ हा हिशेबही चूक, कारण प्रत्येक वेळी पत्ते नव्याने पिसले जातात. मामाची मुलगी करण्याची चाल आपल्याकडे आहे. मामे-आतेभावंडांचा साधारण आठवा हिस्सा जनुकं एकाच आजी-आजोबांकडून आलेली असतात, म्हणून दोन सदोष प्रती एकत्र येण्याची शक्यता तिथे वाढते.

तेव्हा सुनेच्या पायगुणावर खापर फोडणाऱ्यांनी अर्धं खापर स्वतःच्या मुलासाठी राखून ठेवावं. काही प्रतिकारदोष आईकडून फक्त मुलग्यांत उतरतात हे खरं, पण तिथेही तिने ते निवडलेले नसतात.

गैरसमज : आईच्या दुधाने कुठल्याच बाळाला अपाय होत नाही.

वस्तुस्थिती : आईच्या दुधाला तोड नाही, हे जवळजवळ प्रत्येक बाळाबाबत खरं. अपवाद गॅलेक्टोसेमियाचा. दुधातल्या साखरेचा एक भाग पचवणारं विकर या बाळात नसतं. पहिल्या आठवड्यातच कावीळ, उलट्या, आणि पुष्कळदा रक्तात ई. कोलाय जंतूंचा संसर्ग. वरवर पाहता संसर्गाचीच केस, मुळाशी मात्र चयापचय. इथे दूध बंद करून दुग्धशर्करा नसलेलं अन्न द्यावं लागतं, तेही तातडीने.

आपल्याकडे सटवाई पाचव्या-सहाव्या रात्री येऊन कपाळी लिहिते म्हणतात. बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब कागदावर घ्यायची वेळ साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीची, म्हणजे तिच्याही आधीची. गोव्याने २००८ मध्ये अशी नवजात तपासणी सरकारी पातळीवर सुरू केली होती. बाळंतपणाच्या ठिकाणी ही सोय आहे का, हे आधीच विचारून ठेवावं.

गैरसमज : यावर औषधच नाही, आणि असलं तर कोटींचं.

वस्तुस्थिती : काही उपचार खरोखरच आवाक्याबाहेरचे आहेत. त्यासाठी केंद्राचं २०२१ चं दुर्मीळ आजार धोरण आहे. नेमलेल्या उत्कृष्टता केंद्रांत, ज्यांत मुंबईचं केईएम आहे, धोरणात बसणाऱ्या रुग्णाला ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. पण काही औषधं फडताळातही सापडतात.

ग्लायकोजेन साठवणीच्या ‘१ बी’ या आजारात यकृताला साठवलेली साखर सोडता येत नाही. रात्री दोन जेवणांमध्ये अंतर पडलं की मूल आचके देतं. उपाय म्हणजे कच्चं कॉर्नफ्लोअर गार पाण्यात कालवून, ठरलेल्या मापाने, ठरलेल्या तासांनी पाजणं. शिजवायचं नाही. शिजवलं की ते भराभर पचतं आणि साखर तितक्याच भराभर उतरते. कच्चं सावकाश सुटतं. आईचा रात्रीचा गजर याच वाटीसाठी असतो.

याच मुलांच्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी कमी आणि दुबळ्या असतात, तोंड येतं, आतड्याला सूज राहते. असं का, ते बरीच वर्षं कोडंच होतं. २०१९ मध्ये बेल्जियममधल्या एमिल व्हान शाफ्टिंगेन आणि मारिया व्हेइगा-दा-कुन्हा यांच्या गटाने उत्तर दिलं. जेवणातून साखरेसारखा दिसणारा एक पदार्थ शरीरात येतो. निरोगी पेशी त्याचं विषारी रूप मोडून टाकते, या मुलांच्या पेशीत ते साचतं. मग मूळ पदार्थच लघवीवाटे बाहेर काढता आला तर? एम्पाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची गोळी मूत्रपिंडात नेमकं तेच करते. २०२० मध्ये चार रुग्णांना ती दिल्याचं प्रसिद्ध झालं, आणि त्यांच्या पेशी सुधारल्या. आजोबांच्या डब्यातली गोळी नातवाच्या पांढऱ्या पेशींसाठी. अर्थात ती तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच, नाहीतर साखर धोकादायक उतरू शकते. फ्यूकोजच्या आजारातही १९९९ मध्ये जर्मनीत एका मुलाला तीच साखर तोंडाने देऊन संसर्ग आटोक्यात आणला गेला. वाहकातला बिघाड वेगळा असलेल्या मुलांना मात्र तसा गुण आला नाही. म्हणून बिघाड नेमका कुठला, हे आधी कळावं लागतं.

परळला जायची वेळ आलीच तर सगळे जुने रिपोर्ट बरोबर घ्यावेत, आणि वहीचं एक पान. त्यावर तीन पिढ्यांची नाती लिहावीत : कोण कुणाला दिली, कोण तान्हेपणी गेलं, कशाने गेलं. ‘दात येताना गेलं’, ‘दृष्ट लागली’, ‘दूध बाधलं’, जे घरात सांगितलं जातं ते तसंच लिहावं. तेराव्या मजल्यावरच्या यंत्राला यातलं काही दिसत नाही. ते आजीला विचारावं लागतं, आणि ती आहे तोवरच.