जीवाश्म शंखाचे नामकरण

समुद्री शंखाची एक नवी जीवाश्म जाती सापडली, असे वृत्त वाचताना सामान्य वाचकाच्या डोळ्यांपुढे बहुधा असे चित्र उभे राहते की, कोणी संशोधक दरडीखाली वा नदीच्या कातळात हिंडत असता त्याच्या हाती एक अपूर्व शंख लागला आणि त्याने तिथल्या तिथे त्याचे बारसे करून टाकले. वास्तविक शंख हाती येणे हा या व्यवहारातला सर्वांत सुलभ भाग होय. तो नवा आहे की नाही हे ठरते ते संग्रहालयाच्या खणांपुढे आणि ग्रंथालयाच्या मेजावर, आणि तेही पुष्कळदा कित्येक वर्षांनी. जमिनीच्या मालकीचा दावा जसा जुने दप्तर तपासून आणि हरकतींचा विचार करूनच मंजूर होतो, तसाच हा दावाही १७५८ सालापासूनच्या एकंदर नोंदींशी ताडून पाहावा लागतो. कारण त्या वर्षीच्या लिनीअसच्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीपासून प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची गणना सुरू होते, आणि एकाच प्राण्याला दोन नावे पडली असतील तर आधीचे नाव ग्राह्य धरावे, असा सर्वसाधारण दंडक आहे.

या दप्तराची मोठी पाने ज्याने लिहिली तो लामार्क मूळचा वनस्पतिशास्त्रज्ञ. राज्यक्रांतीच्या धामधुमीत, १७९३ साली, पॅरिसच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात ‘कीटक व कृमी’ या विषयाचे अध्यापकपद त्याच्या गळ्यात पडले तेव्हा तो पन्नाशीला टेकला होता, आणि हा विभाग म्हणजे इतर विद्वानांना नकोशा झालेल्या प्राण्यांची अडगळच होती. १८०२ पासून त्याने पॅरिसच्या परिसरातील जीवाश्म शंखशिंपल्यांची वर्णने क्रमाने प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. त्यांतला १८०४ साली वर्णिलेला एक निमुळता शंख अर्ध्या मीटरहूनही अधिक लांबीचा, सुमारे साडेचार कोटी वर्षांपूर्वीच्या उष्ण व उथळ समुद्रातला. लामार्कने त्याला ‘सेरिथियम जायगँटियम’ असे नाव देऊन सेरिथियम वंशात बसवले होते. पुढे ‘कँपॅनिली’ हा निराळा वंश मानण्यात आला, आणि त्या वंशाची एकच जाती आज नैर्ऋत्य ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर हयात आहे. वंश बदलला तरी ‘जायगँटियम’ हे जातिनाम आणि १८०४ हे वर्ष कायम राहिले. कर्त्याचे नाव तेवढे कंसात गेले, एवढाच काय तो फेरफार.

आपल्याकडे हे काम प्रथम लष्करी अधिकारी, मिशनरी आणि सरकारी भूवैज्ञानिक यांच्या हातून झाले. ज्यांच्या नावाचे महाविद्यालय नागपुरात आजही आहे, त्या स्टीफन हिस्लॉप यांनी १८६० साली दख्खनच्या लाव्हाथरांशी निगडित गाळखडकांतील शंखांची वर्णने लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या त्रैमासिकात छापली. नागपूरकडचे शंख गोड्या पाण्यातले, तर राजमहेंद्रीकडच्यांत खाऱ्या पाण्यातलेही होते. परंतु विस्ताराच्या दृष्टीने पाहता फर्डिनंड स्टोलिझ्का याच्या ग्रंथाची सर दुसऱ्या कशाला येत नाही. मोराव्हियात जन्मलेल्या या तरुणाने कलकत्त्यात बसून, त्रिचनापल्ली व अरियलूरकडील क्रिटेशियस थरांतल्या शंखांवरचा खंड १८६७-६८ मध्ये पुरा केला; त्यासाठी त्याला १८४६ साली फोर्ब्झ नावाच्या अभ्यासकाने लंडनमध्ये ठरवलेल्या जातींची नव्या नमुन्यांशी पुन्हा रुजवात घालावी लागली. यार्कंदहून परतताना १८७४ साली लडाखमध्ये वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षी तो वारला. दक्षिणेतल्या क्रिटेशियस शंखाविषयी काही नवे म्हणू पाहणाऱ्याला आजही आधी त्याच्या खंडातील चित्रफलक उलटावे लागतात.

आता प्रत्यक्ष वर्णनाकडे वळू. तज्ज्ञाची दृष्टी प्रथम जाते ती शंखाच्या शिखराकडे. तेथे, पुष्कळदा एका मिलिमीटरहूनही लहान असा, प्राण्याच्या बाल्यावस्थेतला डिंभशंख असतो. त्याचे वेढे अनेक आणि बारीक असतील तर ते पिलू पाण्यात दीर्घकाळ तरंगत, अन्न खात वाढले, आणि वेढे थोडे व फुगीर असतील तर ते बहुधा अंड्यातून बाहेर पडताच तळाशी रांगू लागले, असा निष्कर्ष काढता येतो. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या गोगलगायीचे बालपण असे वाचता येणे हा या विद्येतला मला सर्वांत विस्मयकारक वाटणारा भाग आहे. खेदाची गोष्ट एवढीच की नेमके हे टोकच सर्वप्रथम झिजते वा मोडते. त्यानंतर वेढ्यांवरच्या आडव्या दोऱ्या आणि उभ्या कण्या मोजायच्या, वेढ्यांमधील शिवण खोल की उथळ ते पाहायचे, मुखाच्या कडेचे दात, मधल्या स्तंभावरच्या घड्या, खालची पन्हळ, यांतले काहीही सोडायचे नाही. कवच ज्या अ‍ॅरगोनाइट नामक खनिजाचे असते ते सहज विरघळते, त्यामुळे अनेक थरांत शंख उरतच नाही, त्याचा साचा तेवढा उरतो. मग त्या पोकळीत रबरी द्रव ओतून हरवलेल्या शंखाची नक्कल काढावी लागते. छायाचित्रापूर्वी नमुन्यावर नवसागराचा धूर देऊन पांढरा पातळ थर बसवतात, म्हणजे डाग झाकले जाऊन नक्षी उठून दिसते.

रंग मात्र बहुधा नाहीसाच झालेला असतो, आणि कोनस वंशाच्या शंकूसारख्या शंखांत ही अडचण मोठी, कारण त्यांच्या जाती आकाराने एकमेकींच्या इतक्या जवळच्या असतात की रंगाच्या नक्षीवाचून ओळख पटवणे कठीण. जीवाश्मशास्त्रज्ञ जोनाथन हेंड्रिक्स यांनी डोमिनिकन प्रजासत्ताकातील, सुमारे ६६ ते ४८ लाख वर्षांपूर्वीचे असे शंख अतिनील प्रकाशात धरले, तेव्हा साध्या उजेडात पांढुरक्या दिसणाऱ्या कवचांवर ठिपके, पट्टे आणि जाळ्या चमकू लागल्या. जेथे जिवंतपणी रंगद्रव्य होते तोच भाग चमकतो, म्हणून मूळची नक्षी कळण्यासाठी ते चित्र उलटे करून पाहावे लागते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात अशा २८ जातींचे वर्णन असून त्यांपैकी १३ नव्या होत्या. त्यांतले काही शंख पूर्वीच्या अभ्यासकांच्या हातांखालून गेले असतील, तर त्यांना दोष कसा द्यावा?

नामकरणाची कायदेशीर बाजू थोडक्यात अशी की, एका नमुन्याला नामधारक ठरवून तो सार्वजनिक संग्रहात जमा करायचा आणि नाव रीतसर प्रसिद्ध करायचे. प्रकाशन निव्वळ इलेक्ट्रॉनिक असेल तर २०१२ पासून अधिकृत नोंदवहीत पूर्वनोंदणीही लागते. जाती कोणती हा वाद पुढे कितीही रंगला तरी नाव त्या एका नमुन्याला चिकटून राहते, मग तो फुटका का असेना. म्हणूनच मोडका, झिजलेला, एकुलता एक शंख पुढ्यात असता केवळ वंशाचे नाव लिहून जातीची जागा मोकळी ठेवणारा अभ्यासक मला अधिक प्रामाणिक वाटतो. अशी मोकळी जागा जुन्या ग्रंथांतून दशकानुदशके तशीच राहिलेली आढळते, आणि त्याच थरातून मुख व शिखर शाबूत असलेला दुसरा नमुना निघाला म्हणजे ती भरली जाते.