बाणाचा हात होतो तेव्हा

बँकेत आमच्या टेबलांवर माऊस आला, तेव्हाची गोष्ट. आमचे हेडकॅशियर म्हणजे आयुष्यभर नोटा मोजून बोटं झिजलेला माणूस. पण ‘कुठं दाबलं तर काय होईल’ या धास्तीने ते माऊसला हात लावत नसत. आम्ही हसायचो. आज त्याची लाज वाटते.

परवा त्यांची आठवण झाली. माझ्या भाच्याने सोसायटीच्या पावत्यांसाठी पायथन भाषेत छोटासा प्रोग्राम लिहून दिला. त्यात कोपऱ्यात साध्या अक्षरांत ‘पावती रद्द’ असं होतं. आमच्या खजिनदार काकूंना ते नुसतं शीर्षक वाटलं. त्यांनी त्यावर टिचकी मारली आणि चार हजारांची पावती गेली. “मला हे जमायचं नाही,” म्हणून काकूंनी राजीनामाच पुढे केला.

“मामा, चूक माझी आहे. एक शब्द लिहायचा राहिला,” भाचा म्हणाला.

तो शब्द म्हणजे कर्सर. ‘टीकिंटर’ या साधनात पडद्यावरच्या प्रत्येक वस्तूला आधीच बजावून ठेवता येतं, की बाण तुझ्यावर आला की त्याचा हात कर. दाबायची गरजच नाही, बाण वर आला की पुरे. बाजूला सरकला की पुन्हा बाण. विंडोजच्या पोटात तर माऊस हलला की त्याखालच्या खिडकीला दरवेळी विचारणा होते : पाहुणा आलाय, रूप कोणतं देऊ? गंमत म्हणजे त्या चित्रातला एकच ठिपका खरा. बाणाचं टोक, नाहीतर बोटाचं. बाकी सगळी सजावट.

मनगटी घड्याळाचंही चित्र असतं, ‘थांबा’ सांगणारं. १९८४च्या मॅकिंटॉशपासूनचं. काम संपल्यावर ते काढायला प्रोग्राम लिहिणारा विसरला, तर समोरचा माणूस टोकन घेऊन बसलेल्या ग्राहकासारखा बसूनच राहतो!

“मग सगळीकडे हातच लाव की,” मी म्हटलं. तो नाही म्हणाला. मायक्रोसॉफ्टच्या नियमावलीप्रमाणे हात फक्त दुव्यांसाठी. बटण उठावदार असतं, ते स्वतःच ओळख देतं. असेल. पण नियम लिहिणाऱ्यांनी आमचे हेडकॅशियर पाहिले नव्हते. काउंटरवर ग्राहक चुकीच्या रकान्यात सही करू लागला, की पेन टेकण्याआधी आम्ही नुसतं ‘अंहं’ म्हणायचो. ते ‘अंहं’ यंत्राला शिकवायचं, तर ते कोणीतरी लिहायलाच हवं.

भाच्याने तो शब्द लिहिला. शिवाय रद्द करण्याआधी ‘नक्की ना?’ असा प्रश्नही घातला. “टीकिंटरच्या यादीत कवटीचंही चित्र आहे, लावू?” असं त्याने विचारलं, मी डोळे वटारले.

रविवारी काकू पुन्हा बसल्या. बाण हळूहळू कोपऱ्याकडे नेला. हात दिसताच थबकल्या.

“म्हणजे इथं काहीतरी आहे,” त्या म्हणाल्या, आणि बाण मागे घेतला.