आडात काय, पोहऱ्यात काय

डब्लिनचा विल्यम मॉलिन्यू प्रकाशशास्त्रात रमलेला माणूस. त्याच्या बायकोची दृष्टी लग्नानंतर थोड्याच काळात गेली. त्यातूनच सुचला असेल का, सांगता येत नाही, पण १६८८ मध्ये त्याने एक प्रश्न लिहून काढला. जन्मापासून आंधळ्या माणसाला एकाच धातूचे, साधारण एकाच आकारमानाचे घन आणि गोल स्पर्शाने ओळखता येतात. उद्या त्याला दिसू लागलं आणि दोन्ही वस्तू टेबलावर ठेवल्या, तर हात न लावता त्यातला घन कोणता, हे तो सांगू शकेल का?

तत्त्वज्ञ जॉन लॉकने हा प्रश्न आपल्या ग्रंथाच्या १६९४ च्या आवृत्तीत घातला आणि उत्तर दिलं: नाही. मॉलिन्यूचंही मत तेच होतं. लॉकच्या लेखी मन म्हणजे कोरा कागद. (आपण कोरी पाटी म्हणतो, पाटीवरचं पुसता येतं, कागदावरचं नाही. लॉकला कागदच जवळचा वाटला असावा.) हाताने लिहिलेलं डोळ्याला आपोआप वाचता येणार नाही, दोन्हींची गाठ अनुभवानेच पडायची.

लायब्निट्सला हे पटलं नाही. त्याने लॉकच्या ग्रंथाचं कलमवार खंडन लिहिलं, पण १७०४ मध्ये लॉक वारला. मेलेल्या माणसाशी काय वाद घालायचा म्हणून लायब्निट्सने ते बाजूला ठेवलं. छापून आलं ते थेट १७६५ मध्ये, लायब्निट्सही गेल्यावर जवळजवळ पन्नास वर्षांनी. त्याचं म्हणणं असं: समोर एक घन आणि एक गोल आहे एवढं त्या माणसाला आधी सांगून ठेवलं, तर विचार करून तो ओळखेल. घनाला आठ कोपरे असतात, गोलाला एकही नाही, आणि हे हाताला जितकं खरं तितकंच डोळ्याला. आंधळ्याची भूमिती आणि स्पर्शाविना नुसतं पाहून शिकलेल्या लुळ्याची भूमिती वेगळी नसते. मन त्याला संगमरवरासारखं वाटे, पण त्या संगमरवरात आधीच शिरा असतात आणि मूर्ती कुठे दडली आहे ते त्या सुचवतात. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, हे आपण म्हणतोच. पण दगडाची जात बघितल्याशिवाय कुठला पाथरवट टाकी लावतो? आडात नसेल तर पोहऱ्यात येणार नाही, ही म्हण लायब्निट्सला नक्की आवडली असती.

लंडनच्या विल्यम चेसेल्डनने १७२८ मध्ये मोतीबिंदू काढलेल्या एका तेरा-चौदा वर्षांच्या मुलाची हकिगत छापली. सगळ्या वस्तू डोळ्याला चिकटल्यासारख्या वाटतात, असं तो म्हणे. कुत्रा कोणता आणि मांजर कोणतं यात त्याचा गोंधळ होई. एकदा त्याने मांजरीला धरून चाचपलं, निरखून पाहिलं आणि आता तुला पुढच्या वेळी ओळखीन, अशी तिला ताकीद देऊन सोडलं. लॉकचे चाहते खूश झाले. पण एका मुलावरून किती बोलणार?

खरी परीक्षा झाली ती दिल्लीत. एमआयटीतले पवन सिन्हा यांनी जन्मजात मोतीबिंदू असलेल्या गरीब मुलांवर उपचार करणारा ‘प्रोजेक्ट प्रकाश’ उभा केला. उपचाराअभावी वर्षानुवर्षं अंधारात राहिलेली मुलं आपल्याकडे होती म्हणूनच हा प्रश्न इथे सुटू शकला, ही अभिमानाने सांगण्याची गोष्ट नव्हे. ८ ते १७ वयाच्या पाच मुलांचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. लेगोच्या ठोकळ्यांसारखे आकार होते. हाताने चाचपलेला आकार पुन्हा हाताने ओळखण्यात मुलं ९८ टक्के बरोबर, पाहिलेला पाहून ओळखण्यात ९२ टक्के. चाचपलेला पाहून ओळखायला सांगितलं, की ५८ टक्के. म्हणजे छापा-काट्याहून किंचित बरं. लॉक जिंकला! पण त्यातल्या काहींचा गोंधळ थोड्याच दिवसांत, कुणी वेगळं न शिकवता, बराच निवळला. इतकं पटकन कागदावर लिहून होतं का?

मग २०१५ मध्ये त्याच प्रकल्पाने उलटी बाजू दाखवली. रुळांसारख्या जवळ येत जाणाऱ्या दोन रेघांमध्ये सारख्याच लांबीच्या दोन आडव्या रेघा काढल्या, तर वरची आपल्याला लांब वाटते. रस्ते, खोल्या, दूरवर जाणारे रूळ पाहून पाहून डोळ्याला ही खोड लागते, असं एक जुनं स्पष्टीकरण. नुकतीच दृष्टी आलेली नऊ मुलंही त्या रेघांना फसली. त्यांनी रूळ पाहिले कधी होते?

गौतमाच्या न्यायसूत्रांना हे प्रश्न नवे नाहीत. जे पाहिलं तेच मी आता स्पर्शाने जाणतो आहे, मग पाहणारा आणि स्पर्श करणारा एकच कुणीतरी इंद्रियांपलीकडे असला पाहिजे, हा आत्म्याचा पुरावा तिथे तिसऱ्या अध्यायात आहे. नुकतं जन्मलेलं बाळ दूध पिऊ पाहतं, घाबरतं, हसतं, ते कशामुळे? मागच्या जन्मीच्या सवयीमुळे, असं नैयायिक म्हणतो. प्रतिपक्षी लगेच विचारतो, मग कमळ उमलतं आणि लोखंड चुंबकाकडे धावतं, ते कुठल्या पूर्वजन्मामुळे? हा प्रतिपक्षी मला फार आवडतो.

मागच्या जन्माचा आधार प्लेटोनेही घेतला होता: भूमिती न शिकलेला गुलाम चौरसाचं कोडं सोडवतो, म्हणजे आत्म्याला ते जुनंच आठवतं. प्राणिशास्त्रज्ञ कॉनराड लोरेन्झने १९४१ मध्ये कांटला उत्क्रांतीची जोड देऊन सांगितलं की व्यक्तीला जे अनुभवाआधीचं वाटतं, ते तिच्या जातीने अनुभवातूनच मिळवलेलं असतं. उपजतवाद्यांची अडचण झाली, की ते अनुभवच आणून उभा करतात. फक्त दुसऱ्या कुणाचा तरी, कधी गेल्या जन्मीचा, कधी हजारो पिढ्यांपूर्वीचा.

हा मार्ग तत्त्वज्ञ जेरी फोडरला पुरला नाही. एखादी संकल्पना शिकायची तर तिच्याबद्दल अंदाज बांधावा लागतो, आणि अंदाज बांधायचा तर ती आधीच हाताशी हवी, असं त्याने १९७५ मध्ये मांडलं. म्हणजे शिकण्यासारखं जवळजवळ काही उरतच नाही. टीकाकारांनी विचारलं, ‘कार्ब्युरेटर’सुद्धा उपजत? आदिमानवाच्या कुठल्या पिढीने तो पाहिला होता? पुढे फोडरने संकल्पना उपजत नसून ती पकडण्याची यंत्रणा तेवढी उपजत, अशी माघार घेतली, पण कार्ब्युरेटर त्याला चिकटला तो चिकटलाच. आपल्याकडे २०२० नंतरच्या नव्या दुचाकींमधून तो जवळजवळ गेला आहे. आमच्या चौकातल्या गॅरेजवाल्याकडे कामाला लागलेल्या पोराला आता तो ओळखायचा असेल, तर कुणाच्या तरी वडिलांची जुनी स्कूटर उघडावी लागते.