लाभ, दोन, तीन

खळ्यावर धान्याची रास पडली आणि मापारी अधोली घेऊन बसला, की पहिल्या मापाला तो ‘एक’ म्हणायचा नाही. ‘लाभ’ म्हणायचा. मग दोन, तीन, चार. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतली ही जुनी रीत. काही घरांत आजही धान्य मोजताना म्हातारं माणूस नकळत लाभ म्हणून जातं. रास मोठी असो की दुष्काळी वर्षातली सुपभर, पहिलं माप लाभाचंच. नगर जिल्ह्याला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, लहान राशींची सवय आहे. सह्याद्रीच्या कडेला अकोले तालुक्यात पाऊस कोसळतो आणि तिकडे पूर्वेला पाथर्डी-जामखेडची माणसं आभाळाकडे बघत बसतात. मोजणी मात्र दोन्हीकडे लाभापासूनच सुरू व्हायची.

घरातली मोजणी उलटी चालते. काय संपलं, कोण आजारी आहे, कुणाचं देणं राहिलं, कोण कुणाशी बोलत नाही. हा हिशेब खोटा नसतो. पण त्यात एक माप मोजायचं राहून जातं.

याच जिल्ह्यात सव्वाशे वर्षांपूर्वी संसार केलेल्या एका बाईने दोन्ही मोजण्या एकाच पुस्तकात मांडल्या. त्या म्हणजे लक्ष्मीबाई टिळक, कवी नारायण वामन टिळकांच्या पत्नी. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४पासून चार भागांत प्रसिद्ध झाली आणि मराठी आत्मचरित्रांत पहिल्या रांगेत जाऊन बसली. शाळेत न गेलेल्या या बाईच्या पुस्तकात मोठ्या घटना आहेत, पण जीव आहे तो चुलीशी, बिऱ्हाडाशी आणि दारात उभ्या राहिलेल्या माणसांशी.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचं नाव मनकर्णिका गोखले. १८५७च्या बंडानंतर त्यांच्या आजोबांना फाशी झाली आणि त्या धक्क्याने वडिलांनी सोवळ्याचं वेड घेतलं. बाजारातून आणलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात येत नसे. कुणाचा स्पर्श, कुणाची सावली, सगळ्याची धास्ती. त्या घरात दार उघडायचं म्हणजे विटाळ आत घ्यायचा. पुढची गोष्ट कळायला हे बंद दार लक्षात ठेवावं लागतं.

कारण लग्न झालं ते दार सताड उघडं टाकणाऱ्या माणसाशी. टिळक प्रतिभावान, शीघ्रकोपी आणि हातात पैसा न टिकणारे. एक नोकरी धरावी, सोडावी, न सांगता कुठेतरी निघून जावं आणि परत यावं. मुरबाड, वणी, नागपूर, राजनांदगाव असं बिऱ्हाड फिरत राहिलं. समोरच्याची गरज दिसली की घरची गरज टिळकांच्या डोळ्यांआड व्हायची. पहिली मुलं जगली नाहीत. १८९१ साली जन्मलेला दत्तू तेवढा हाताशी लागला.

मग १८९५ साली टिळकांनी मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. लक्ष्मीबाईंना त्या काळाच्या समजुतीप्रमाणे नवरा असून नसल्यासारखा झाला. चार वर्षांहून अधिक काळ त्या दत्तूला घेऊन पंढरपूर, जलालपूर, नाशिक अशा नातलगांच्या आधाराने राहिल्या. दुःखाने शरीर आणि मन दोन्ही खचलं. आणि याच काळात त्या कविता करू लागल्या.

टिळक तेव्हा नगरला अमेरिकन मराठी मिशनच्या धर्मशिक्षण देणाऱ्या विद्यालयात शिकवत होते. या मिशनचं काम नगरला १८३१पासून चाललेलं. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिकही इथूनच १८४२ साली निघालं. लक्ष्मीबाई अखेर नगरला नवऱ्याकडे आल्या, पण आपलं सोवळं घेऊन. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. टिळकांनी सक्ती केली नाही. एरवी क्षुल्लक गोष्टीवरून भडकणारा हा माणूस एवढ्या मोठ्या प्रश्नावर धीर धरून बसला, याचं आजही अप्रूप वाटतं.

बदल झाला तो घरातल्या घरात, स्वतःच्या विचाराने. माणसामाणसांतला हा भेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न लक्ष्मीबाई स्वतःशीच घोळवत राहिल्या. माणसाने, असं उत्तर आलं, तेव्हा वडिलांच्या घरापासून सोबत आलेलं ओझं त्यांनी खाली ठेवलं. १९०० साली राहुरीला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. धर्मांतराविषयी ज्याचं त्याचं मत ज्याच्यापाशी. त्यांच्या स्वयंपाकघरात काय घडलं, एवढंच इथे बघायचं आहे. जिथे जिन्नस धुऊन आत यायचा, तिथली लेक आता कुणाच्याही लेकराला शेजारी बसवून जेवू लागली.

ती वेळही अशी, की लेकरं दाराशी उभीच होती. १८९९-१९००च्या दुष्काळाने नगर जिल्हा होरपळला. आईबाप गेलेल्या पोरांना मिशनने आसरा दिला. टिळकांच्या घरीही अशी मुलं येत राहिली. कुणी काही दिवस, कुणी काही वर्षं. नवऱ्याने मूल घरी आणायचं आणि बायकोने त्याच्यासाठी पीठ मळायचं, अशी वाटणी. लक्ष्मीबाई चिडायच्या, टिळकांशी भांडायच्या आणि ती भांडणं त्यांनी पुस्तकात लपवलेली नाहीत. पण त्याच पानांवर त्या मुलांचे स्वभाव, खोड्या, त्यांचे आजार आणि त्यांनी लावलेला लळाही आहे. प्लेगच्या साथीत माणसं घरच्या माणसाला शिवायला भीत, तेव्हा त्यांनी आजारी पोरांची शुश्रूषा केली. विटाळाच्या भयात वाढलेल्या बाईच्या हातून हे झालं.

त्या उघड्या दारातून एकदा एक कवीही आला. १९०७ साली जळगावला महाराष्ट्राचं पहिलं कविसंमेलन भरलं. धरणगावचा सतरा वर्षांचा त्र्यंबक बापूजी ठोंबरे तिथे सगळ्यांच्या नजरेत भरला आणि ‘बालकवी’ झाला. टिळकांचा त्याच्यावर जीव जडला. पुढे काही काळ तो नगरला त्यांच्या घरी मुलासारखा राहिला. लवकर रुसणारा, लवकर फुलणारा. घरात एक लहरी कवी असताना दुसरा आला, म्हणजे गृहिणीचं काय होत असेल ते सांगायला नको. पण हा पाहुणा घरात जेवला, रुसला, हसला म्हणून आज मराठीला बालकवींची इतक्या जवळून पाहिलेली चित्रं मिळाली आहेत. १९१८च्या मे महिन्यात भादली स्टेशनाजवळ रेल्वेच्या अपघातात बालकवी गेले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात टिळकही गेले.

लक्ष्मीबाईंचं नाव निघालं, की ‘सगळं हसत सोसलं’ असं म्हणायची पद्धत पडली आहे. ते खरं नाही, आणि त्यांच्यावर अन्यायही आहे. सोवळ्याच्या जाचात त्यांनी आशीर्वाद शोधला नाही. तो जाच टाकून दिला. नवऱ्याच्या चुका त्यांनी गुण म्हणून खपवल्या नाहीत. ज्या बाईला घरात मारहाण होते किंवा उपाशी ठेवलं जातं, तिला ‘यातलंही चांगलं बघ’ असं सांगणं हे पाप आहे. लक्ष्मीबाईंनी केलं ते वेगळं. त्रास त्रासाच्या जागी पुरा मोजला, आणि त्याच्या सोबत घरात जे आलं तेही मोजायचं सोडलं नाही.

अशा मोजणीचा अभ्यास अलीकडे मानसशास्त्रानेही केला. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ या अमेरिकन अभ्यासकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांना दर आठवड्याला कृतज्ञता वाटेल अशा गोष्टी लिहायला सांगितल्या, काहींना वैताग आणणाऱ्या. पहिल्या गटाला आपलं आयुष्य बरं चाललं आहे असं जास्त वाटलं. नंतरच्या अभ्यासांतून या उपायाचा परिणाम माफकच असल्याचं दिसलं, आणि ते पटण्यासारखं आहे. वहीत लिहून रेशन भरत नाही. पण कंटाळ्याने आंधळी झालेली नजर थोडी उघडते.

नवऱ्यामागे लक्ष्मीबाई जवळपास सतरा वर्षं जगल्या. टिळकांनी ओवीबद्ध ‘ख्रिस्तायन’ हाती घेतलं होतं, त्याचे थोडेच अध्याय झाले होते. कधी शाळेची पायरी न चढलेल्या बाईने पुढचे ६४ अध्याय लिहिले. मुलगा देवदत्त, म्हणजे दत्तू, पाठीस लागला म्हणून स्मृतिचित्रे झाली. २४ फेब्रुवारी १९३६ला त्या गेल्या. या पुस्तकावर पुढे विजया मेहतांनी चित्रपट केला, आणि शांता गोखल्यांनी ते इंग्रजीत नेलं.

लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला त्या राहुरीहून पश्चिमेला, अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागात कोंभाळणे हे गाव आहे. तिथल्या राहीबाई पोपेरेही शाळेत गेल्या नाहीत. त्यांची गोष्टही घरच्या दुखण्यापासून सुरू होते. नातू आजारी पडला. फवारलेल्या भाज्या पोटात जातात म्हणून हे होतं, अशी राहीबाईंची खात्री झाली. घरात मूल आजारी असलं की बाई देवाला बोलते, नशिबाला बोलते. राहीबाई परसात गेल्या आणि जुनी गावरान बियाणी शोधू लागल्या. वाल, घेवडा, भात, रानात उगवणाऱ्या भाज्या. शेजारणींना विचारलं, म्हाताऱ्यांना विचारलं. पुढे बायफ संस्थेची साथ मिळाली, बचत गटाच्या बाया जोडल्या गेल्या आणि घरातच बियाण्यांची बँक उभी राहिली. २०२०च्या पद्मश्रींच्या यादीत त्यांचं नाव आलं. आता लोक त्यांना ‘बीजमाता’ म्हणतात.

त्यांच्या बँकेचा नियम साधा आहे. बी न्यायला आलेल्या शेतकऱ्याने पीक निघालं की नेल्याच्या दुप्पट बी आणून द्यायचं. पावसाच्या तोंडावर कुणीतरी वालाचं एक माप घेऊन जातं, ते परसात लावतं, वेल मांडवावर चढतो, शेंगा घरच्या कालवणाला होतात आणि थोड्या वाळायला ठेवल्या जातात. मग एका मापाची दोन मापं कोंभाळण्याला परत येतात, गाडग्यात भरली जातात, आणि पुढच्या पावसाआधी तिसऱ्याच कुणाच्या तरी घरी जायला निघतात.