घर घेताना कीड तपासा, मगच इसार द्या

घर विकत घेताना आपण सातबारा किंवा मालमत्ता पत्रक पाहतो, घरपट्टीच्या पावत्या पाहतो, वकिलाकडून शोध घेतो. वास्तुशांतीचा मुहूर्तही काढून ठेवतो. पण त्या घरात वाळवी, उंदीर, झुरळे किंवा ढेकूण आहेत का, याची चौकशी फारच थोडे लोक करतात. घर बदलल्यावर कुणाला दम्याचा किंवा अंगाला खाज सुटण्याचा त्रास सुरू झाला, की मी औषध लिहून देण्याआधी नव्या घराबद्दल विचारतो.

ताप हा जसा मूळ रोग नसून लक्षण असते, तशीच घरातली कीडही बहुधा लक्षणच असते. तिच्यामागे ओल, फुटका नळ, तुंबलेली मोरी किंवा उघडी फट असते. म्हणून नुसती कीड मारून भागत नाही, तिचे कारण शोधावे लागते.

प्रथम वाळवी पाहू. वाळवीमुळे माणसाला रोग होत नाही. परंतु जमिनीतून वर चढणाऱ्या वाळवीला ओलावा लागतो. जिथे ओल, तिथे भिंतीला बुरशी आणि जिथे बुरशी, तिथे दमेकऱ्याला त्रास. दाराच्या चौकटीचा खालचा भाग, जोते, न्हाणीघराला लागून असलेली भिंत आणि माळ्यावरच्या तुळया बॅटरीच्या उजेडात पाहाव्यात. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या मातीच्या नळ्या ही वाळवीची खूण. लाकडावर ठोकून पाहावे, पोखरलेले लाकूड पोकळ वाजते. पहिल्या पावसानंतर खिडकीपाशी गळलेले पंख सापडतात. खसखशीसारखे दाणे पडलेले असतील तर कोरड्या लाकडातली वाळवी समजावी. घरात सगळीकडे जुना रंग आणि चौकटींना मात्र ताजा, असे दिसले तर कारण जरूर विचारावे.

उंदरांचा धोका थेट आरोग्याला आहे. त्यांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. मुंबईत २६ जुलै २००५ च्या पुरानंतर या रोगाची मोठी साथ आली होती. ओल्या जागेतले किंवा साचलेल्या पाण्यातले जंतू पायाच्या जखमेतून शरीरात शिरतात. ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना, डोळे लाल होणे आणि पुढे कावीळ अशी लक्षणे दिसतात. शिवाय उंदीर विजेच्या तारा कुरतडतात, आणि त्यांच्यामागे साप येतो तो वेगळाच. ओट्याखाली, फडताळामागे, माळ्यावर लेंड्या आणि भिंतीकडेने तेलकट काळे पट्टे आहेत का पाहावे. लहान उंदराला पाव इंचाची फटही पुरते.

झुरळांची विष्ठा, टाकलेली कात आणि मेलेल्या झुरळांचा भुगा धुळीत मिसळतो. ही धूळ श्वासातून गेली की अनेकांना, विशेषतः मुलांना, दमा होतो किंवा असलेला वाढतो. झुरळे मेली तरी हा भुगा बराच काळ उरतो. म्हणून जुन्या घरातली कपाटे राहायला जाण्यापूर्वी ओल्या फडक्याने पुसून घ्यावीत.

ढेकूण रोग पसरवतात असे आढळलेले नाही. मात्र खाज आणि जागरणाने माणूस बेजार होतो. रक्त न मिळताही ढेकूण काही महिने तग धरतो, त्यामुळे बंद घर म्हणजे निर्धोक घर नव्हे. पलंग-गाद्यांसह घर घेत असाल तर गादीची शिवण आणि पलंगाचे सांधे उलगडून पाहावेत.

घर एकदा दिवसा आणि एकदा अंधार पडल्यावर पाहावे. झुरळे आणि उंदीर रात्रीच बाहेर पडतात. शक्य असेल तर जाणकार सुतार आणि परवानाधारक कीडनियंत्रकाला सोबत न्यावे, त्याच्याकडून लेखी अहवाल घ्यावा आणि मगच इसारपावती करावी. दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करून मागता येतो. बांधकाम नवे असेल तर पायात वाळवीप्रतिबंधक उपचार केल्याचा कागद मागावा. त्यासाठी भारतीय मानक ६३१३ आहे. फरशी बसल्यावर हाच उपचार करायचा तर भिंतीलगत फूटफूटभर अंतरावर भोके पाडून औषध सोडावे लागते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कीड मारण्याच्या घाईत माणसाचा जीव जाऊ नये. धान्यात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या काहीजण उंदीर-ढेकणांसाठी घरात ठेवतात. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फीन हा विषारी वायू सुटतो, आणि त्यावर उतारा नाही. चेन्नईजवळ कुंद्रत्तूर येथे नोव्हेंबर २०२४ मध्ये घरात उंदरांचे औषध ठेवल्यानंतर दोन लहान मुले दगावली. म्हणून या गोळ्या राहत्या घरात कधीही ठेवू नयेत. फवारणी घर रिकामे असतानाच करून घ्यावी. कोणते औषध वापरले ते लिहून घ्यावे, आणि सांगितलेली मुदत संपल्यावर दारे-खिडक्या उघडून भरपूर हवा खेळू द्यावी. घरात गर्भवती, तान्हे मूल किंवा दमेकरी असेल तर ते आधीच सांगावे.

उंदरांच्या लेंड्या कोरड्या झाडू नयेत. हातमोजे घालून त्यांवर जंतुनाशक पाणी शिंपडावे, थोडा वेळ थांबून पुसून घ्यावे.

थोडक्यात क्रम असा : आधी तपासणी, मग इसार; आधी ओल आणि फटींचा बंदोबस्त, मग फवारणी; आणि सफाई पुरी झाल्यावरच गृहप्रवेश. मुहूर्त आठ दिवस पुढे गेला तरी चालेल.