चाकाचा कल
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमची जुनी छोटी गाडी एका खड्ड्यात अशी आपटली की आत बसलेल्यांचे दात वाजले. गाडी चालत राहिली, म्हणून आम्हीही विसरून गेलो. दोन-तीन महिन्यांनी गाडी दारात उभी होती, पुढची चाकं वळलेली होती. पत्नी म्हणाली, "हे टायर बघा बरं, आतून पार सोललंय." वाकून पाहिलं. बाहेरची नक्षी जशीच्या तशी, आतली कड गुळगुळीत आणि एका जागी चक्क तारा दिसत होत्या. याच टायरवर आठच दिवसांपूर्वी आम्ही सहकुटुंब घाट उतरून आलो होतो. त्या दिवशी मुकाट्यानं स्टेपनी लावली.

तुम्ही म्हणाल, अलाइनमेंट करून घेतली नव्हती का? घेतली होती, एकदा नव्हे दोनदा. दोन्ही वेळा छापील कागद मिळाला, त्यावर एक आकडा लाल होता. विचारल्यावर तिथला मुलगा म्हणाला, "तो कॅम्बर आहे साहेब. या गाडीत तो होत नाही." तो खोटं बोलत नव्हता. पण अर्धंच सांगत होता.

चाकाचे कोन तीन. पहिला टो. आपण चालताना पायाची बोटं आत वळलेली असतात की बाहेर, तसंच चाकांचं. वरून पाहिलं तर दोन्ही चाकांच्या पुढच्या कडा एकमेकींकडे झुकल्यात की फाकल्यात, हा टो. दुसरा कॅस्टर. सायकलचा पुढचा चिमटा उभा नसतो, तिरका असतो. म्हणून हात सैल सोडला तरी चाक आपोआप सरळ येतं. मोटारीतला कॅस्टर तेच काम करतो. तिसरा कॅम्बर. गाडीकडे समोरून पाहिलं तर चाक ओळंब्यात आहे, की माथा आत कललाय, की बाहेर? माथा आत गेला की सगळा भार आतल्या कडेवर येतो. आमचं चाक २ अंशांनी आत कललं होतं. ऐकायला २ अंश किरकोळ वाटतात. पण ओळीत एक मात्रा कमी पडली तर ओळ लंगडते, हे मी आयुष्यभर पाहत आलोय.

मग कॅम्बर 'होत नाही' म्हणजे काय? याचं उत्तर गाडीच्या बांधणीत आहे. अर्ल मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन अभियंत्यानं स्प्रिंग आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बर एकाच उभ्या खांबात बसवण्याची रचना केली. फोर्डच्या ब्रिटनमधल्या कॉन्सल गाडीतून ती १९५० साली लोकांसमोर आली. सुटे भाग कमी, जागा कमी, खर्च कमी. आपल्याकडे १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० ची पुढची बाजूही याच जातीची, आणि आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांचीही. या खांबाला स्ट्रट म्हणतात. त्याच्या खालच्या टोकाला चाक धरणारा नकल नावाचा भाग, बहुधा दोन बोल्टांनी, आवळलेला असतो. कारखान्यात तो कोन ठरतो आणि तसाच राहतो. दुकानदाराला फिरवता येतो तो फक्त टो.

यावर बाजारात एक उपाय मिळतो, कॅम बोल्ट. दोन बोल्टांपैकी एक, बहुतेक गाड्यांत वरचा, काढून त्याजागी हा घालायचा. याची दांडी मूळ बोल्टापेक्षा थोडी बारीक असते आणि तिला एका बाजूला फुगवटा असतो. बोल्ट फिरवला की फुगवटा नकलला आत किंवा बाहेर ढकलतो. साधारण दीड अंशापर्यंत दुरुस्ती होते.

मी बोल्ट घेऊन आमच्या मिस्त्रीचाचांकडे गेलो. त्यांनी बोल्ट हातात घेतला नाही, आधी गाडीखाली गेले. म्हणाले, "भाई, खालचा आर्म वाकलाय. आधी तो बदला. वाकड्या भागावर बोल्ट घालणं म्हणजे मोडक्या हाताला नुसती पट्टी." हे सगळ्यात महत्त्वाचं. खड्ड्यानंतर कोन बिघडला असेल तर आर्म, स्ट्रट, नकल, बॉल जॉइंट आणि बेअरिंग आधी तपासून घ्यावं. आर्म बदलल्यावर १ अंश उरला. चाचा म्हणाले, "आता घाला. घरीही जमेल, पण घाई नको."

रविवारी थोरल्या मुलाला घेऊन अंगणात बसलो. हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना दगड लावले, चाकाचे नट जमिनीवर असतानाच थोडे सैल केले, मग जॅक. मी लगेच चाक काढायला सरसावलो, तर मुलगा म्हणाला, "अब्बा, आधी स्टँड." मला तो उगाच वेळखाऊपणा वाटला. तरी लावला, आणि काढलेलं चाकही गाडीखाली सरकवून ठेवलं. स्ट्रट आणि नकलवर मूळ जागेची रंगाची खूण केली. ब्रेकची नळी स्ट्रटवरून सोडवली, नकल लोंबकळून नळीवर ताण येऊ नये म्हणून खालून आधार दिला. खालचा बोल्ट फक्त सैल केला. वरचा गंजला होता. तेल फवारून, थांबून, मुलानं पाना जोरात ओढला आणि शहाबादी फरशीवर जॅक सरकला. गाडी बोटभर खाली आली आणि स्टँडवर टेकली. त्याचा हात कोपरापर्यंत आत होता. आम्ही दोघंही काही वेळ बोललो नाही.

पुढचं काम सोपं होतं. कॅम बोल्ट घातला, फुगवटा हवा त्या बाजूला फिरवला, सोबत आलेला नवा नट लावला. जुना लॉकनट पुन्हा वापरू नये. बोल्ट किती आवळायचा ते त्याच्यासोबतच्या कागदावर असतं. बोल्ट बारीक असल्यामुळे गाडीच्या पुस्तकातला आकडा इथे चालत नाही. खालचा बोल्ट मात्र पुस्तकाप्रमाणे. दोन्हीसाठी मोजून आवळणारा टॉर्क पाना हवा. 'हाताचा अंदाज' इथे कामाचा नाही.

चाक बसवून, गाडी सपाट जागी थोडी पुढेमागे करून मग गवंड्याचा ओळंबा सोडला. १३ इंची रिमवर १ अंश म्हणजे वरच्या आणि खालच्या कडेत सुमारे ६ मिलिमीटरचा फरक. पट्टीनं मोजता येतो. पण एवढ्यावर काम संपत नाही. कॅम्बर हलला की टोही हलतो. म्हणून तिथून हळूहळू थेट अलाइनमेंटच्या दुकानात जायचं. क्रम हाच : आधी कॅम्बर, शेवटी टो. आणि शंभरेक किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा एकदा तपासायचे.

दुकानातल्या कागदावर या वेळी सगळे आकडे हिरवे होते. हे काम प्रत्येकानं घरी करावं असं मी म्हणणार नाही. सपाट पक्की जागा, स्टँड आणि टॉर्क पाना यांपैकी एक जरी नसेल, तर सरळ मिस्त्रीकडे जावं. पण एवढं मात्र प्रत्येकानं करावं : महिन्यातून एकदा चाक पूर्ण वळवून टायरच्या आतल्या कडेवर हात फिरवावा. आणि कागदावर लाल आकडा दिसला, तर 'होत नाही' या उत्तरावर परत फिरू नये. का होत नाही, हे विचारावं.

तो जॅक मी बदलला. स्टँड मात्र तोच आहे, दाराशेजारी ठेवलाय.