जुनी डबल-केबिन पिकअप आणि तिचा सांभाळ

“सर, ही मोटार कीं ट्रक?” असा प्रश्न आठव्या इयत्तेंतील आमच्या एका विद्यार्थ्यानें गेल्या दिवाळीच्या सुटींत आम्हांस विचारला. मुलुंड येथील एका शेडमध्यें आम्ही त्याच्या वडिलांसमवेत उभे होतों, आणि ताडपत्री दूर सारल्यावर जें वाहन पुढें आलें, तें पाहून आम्हांसहि चटकन उत्तर सुचलें नाहीं. पुढें जीपचें ओळखीचें तोंड, त्यामागें दोन ओळी आसनें व चार दारें असलेली केबिन, आणि तिच्याहि मागें सामान टाकण्याचा उघडा हौदा, असा त्याचा थाट होता. विद्यार्थ्याच्या आजोबांनीं ही गाडी १९७१ सालीं घेतली. ते बांधकामाचे कंत्राटदार होते. पांच-सहा गवंडी व त्यांची अवजारें एकाच खेपेंत कामावर नेतां यावींत, एवढाच त्यांचा हेतु होता.

अशा गाडीस आपल्याकडे डबल-केबिन म्हणतात. साध्या पिकअपमध्यें चालक व त्याच्या शेजारचा मनुष्य एवढ्यांचीच सोय असते. बाकीचे मजूर हौद्यांत सिमेंटच्या पोत्यांवर बसून उन्हापावसांत प्रवास करतात. त्यांच्याकरितां आसनांची दुसरी ओळ असावी, ही कल्पना साधी खरी, पण ती कारखानदारांना सुचावयास बराच काळ लागला. अमेरिकेंतील इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीनें १९५७ सालीं ‘ट्रॅव्हलेट’ नांवाची दुहेरी केबिनची गाडी कारखान्यांतून तयार करून विक्रीस काढली, आणि अशा गाड्यांत तीच पहिली समजली जाते. तिला दारें तीनच होतीं. चौथें दार पुढें कांहीं वर्षांनीं आलें. जर्मनीच्या फोक्सवॅगन कंपनीनें १९५८ सालीं काढलेल्या दुहेरी केबिनच्या गाडीसहि मागच्या ओळीकरितां एकाच बाजूस दार होतें. मागें बसणारा तो मजूर. त्याला वळसा घालून चढावें लागलें तर कोठें बिघडलें, असाच विचार त्यामागें असावा असें आम्हांस वाटतें.

मुंबईंत ह्या गोष्टीनें निराळेंच वळण घेतलें. वालचंद हिराचंद ह्यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली, व तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत क्रायस्लर कंपनीच्या डॉज व फार्गो ट्रक जुळूं लागल्या. महिंद्र कंपनीनें माझगांवांत विलीस जीप जुळविण्यास आरंभ केला, आणि पुढें कांदिवलीस तिचा मोठा कारखाना झाला. परंतु मालवाहू गाडी घेणाऱ्यास कारखान्यांतून पुष्कळदां पुरी गाडी मिळत नसे. सांगाडा, इंजिन, चाकें व तोंड एवढें घेऊन तो घरीं येई, आणि वरची केबिन व हौदा हे सुतार आणि पत्रेवाला मिळून बांधीत. सागाची चौकट, तीवर ठोकलेला पत्रा, आणि मालक सांगेल तितकीं दारें! मुलुंडच्या ह्या गाडीची केबिन घाटकोपरच्या एका शेडमध्यें अशीच बांधली गेली. तिचा नकाशा कोणत्याहि परदेशी पुस्तकांत सांपडणार नाहीं, आणि म्हणूनच तिच्या दुरुस्तीचा प्रश्न सोपा नाहीं.

जुनी गाडी घेऊन ती पूर्ववत् करण्याचा छंद अलीकडे उपनगरांतहि पसरला आहे. त्यांत पडणारा मनुष्य बहुधा आधीं रंगाच्या डब्याकडे धांवतो. ह्या बाबतींत आम्ही दुसऱ्यास हंसूं नये, कारण तरुणपणीं आम्हीहि एक जुनी स्कूटर घेऊन तिच्या गंजावर सुंदर निळा रंग चढविला होता. दुसऱ्या पावसाळ्यांत तो रंग फोडांसारखा फुगून आला, व बोटानें दाबतांच पत्र्यास भोंक पडलें.

असें कां होतें, हें विद्यार्थ्यांनीं रसायनशास्त्राच्या तासाला शिकलेलें आहेच. लोखंड, पाणी व प्राणवायु हीं तिन्ही एकत्र आलीं कीं गंज चढतो. पाण्यांत मीठ असेल तर तें पाणी विजेचें अधिक चांगलें वाहक बनतें, आणि गंजण्याची क्रिया वेग घेते. आपल्या उपनगरांत वर्षाकाठीं २००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि समुद्र व खाडी दोन्ही बाजूंस असल्यामुळें हवेंत मीठ असतेंच. शिवाय गंजाचें आकारमान मूळ लोखंडाहून पुष्कळ मोठें असतें. दोन पत्रे एकमेकांवर बसविले आहेत अशा सांध्यांत तो उत्पन्न झाला म्हणजे आंतून पाचर ठोकल्याप्रमाणें ते पत्रे अलग करतो. डबल-केबिनला हें दुखणें विशेष होतें. कारण पुढची खोली व मागची खोली ह्यांचा सांधा, दोन दारांमधला खांब, आणि दारांखालची पोकळ पट्टी, ह्या सर्व ठिकाणीं पाणी शिरतें आणि बाहेर पडण्यास वाट मिळत नाहीं. लांकडी चौकट असली तर ती ओल धरून ठेवते, व पत्रा आंतल्या बाजूनें कुजत जातो. बाहेरून मात्र गाडी धडधाकट दिसते.

मुलुंडच्या गृहस्थांनीं रंगाऐवजीं टोंचणीपासून आरंभ केला, हें आम्हांस फार आवडलें. एका पावसाळ्यानंतर ते व त्यांचे मिस्त्री हातोडीच्या दांड्यानें पत्रा ठोकीत व टोंचणीनें टोंचीत बसले; जेथें आवाज बद्द आला तेथें खडूनें खूण केली. मग प्रत्येक भागाचें छायाचित्र घेऊन तो सुटा केला, आणि स्क्रू व बोल्ट निरनिराळ्या पिशव्यांत चिठ्ठ्यांसह ठेवले. कुजलेला पत्रा निरोगी धातु लागेपर्यंत कापून टाकला, तितकाच नवा जोडला, उरलेल्या गंजावर फॉस्फोरिक आम्लाचा हात दिला, व दारांखालच्या पट्ट्यांना पाणी निघून जाण्याकरितां भोंकें ठेविलीं. सागाच्या चौकटीचे दोन खांब बदलावे लागले. बाकीचे अजून टणक निघाले! सुट्या भागांसाठीं कुर्ल्याच्या भंगार बाजारांत त्यांच्या कित्येक फेऱ्या झाल्या. तेथें जीपचे भाग अजून मिळतात. पण घाटकोपरच्या त्या सुतारानें बसविलेली मागच्या दाराची कडी मिळणें शक्य नव्हतें, ती पितळेची नवी ओतून घ्यावी लागली.

इंजिनाची कथा थोडक्यांत सांगण्याजोगी आहे. मूळचें पेट्रोल इंजिन आजोबांनीं १९८०च्या दशकांत काढून टाकलें व डिझेलचें बसविलें. त्या काळीं जीप बाळगणारे कित्येक लोक खर्च वांचविण्यास हेंच करीत. पुष्कळ वर्षें बंद पडलेलें इंजिन किल्ली फिरवून एकदम सुरू करूं नये. नळ्यांत तेल सोडून तें कांहीं दिवस मुरूं द्यावें, आणि मग हातानें हळूहळू फिरवून पहावें. ज्यांची गाडी पेट्रोलवर चालते त्यांनीं आणखी एक काळजी घ्यावी. हल्लींच्या पेट्रोलांत २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. तें पाणी ओढून घेतें व जुन्या रबरी नळ्यांना बाधतें. त्या नळ्या आधींच बदलाव्या.

ब्रेकविषयीं मात्र पालकांनीं विशेष लक्षपूर्वक वाचावें. ह्या जुन्या गाड्यांत चारहि चाकांचे ब्रेक तेलाच्या एकाच मार्गावर चालतात. एका चाकाजवळ गळती झाली तर चारहि चाकांचे ब्रेक जातात. पायाखालीं पट्टी नुसती खालीं बसते. ब्रेकचें तेल हवेंतील ओल शोषून घेतें, त्या ओलीनें आंतील दट्टे गंजतात, आणि रबराच्या वाट्या झिजतात. म्हणून जुनी गाडी घेतली कीं ब्रेकचे सर्व रबरी भाग व तेल बदलल्यावांचून ती गल्लींतहि नेऊं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

आतां कागदांकडे वळूं. आणि येथेंच त्या मुलाचा प्रश्न पुन्हां उभा राहतो. २०२१ सालीं केंद्र सरकारनें जुन्या ऐतिहासिक वाहनांकरितां स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षें उलटलेल्या वाहनास ‘व्हीए’ अक्षरांचा खास क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचें शुल्क २०,००० रुपये, व मुदत १० वर्षें. अशी गाडी रोजच्या कामाला वापरतां येत नाहीं. प्रदर्शन, संशोधन, जुन्या गाड्यांची फेरी, तसेंच इंधन व दुरुस्ती ह्यांकरितांच ती रस्त्यावर आणतां येते. नियम चांगला आहे. परंतु त्याची व्याख्या दुचाकी व प्रवासी चारचाकी एवढ्यांपुरतीच आहे. शिवाय सांगाडा, बाह्यांग किंवा इंजिन ह्यांत मोठा बदल झालेला नसावा अशी अट आहे. मुलुंडच्या गाडीच्या नोंदणीपुस्तकांत ‘मालवाहू’ असें लिहिलेलें, आणि इंजिन बदललेलें! वय पुरें असूनहि तिला ह्या दारानें प्रवेश नाहीं. मालवाहू गाडीस आठ वर्षांनंतर दरवर्षीं योग्यतेचें प्रमाणपत्र घ्यावें लागतें. आजोबांच्या आजारपणापासून तें घ्यावयाचें राहून गेलें, व आज ही गाडी रस्त्यावर आणतां येत नाहीं. संस्थानिकांच्या रोल्स-रॉइस गाडीला जागा आहे, आणि गवंड्यांना उन्हांतून आंत घेणाऱ्या गाडीला नाहीं, ही गोष्ट आम्हांस बोंचते. नियम करणाऱ्यांच्या मनांत दुष्टावा होता असें मुळींच नाहीं. अशी गाडी कोणी प्रेमानें जपून ठेवील, हें त्यांच्या ध्यानांत आलें नसावें.

एका दलालानें ह्या गृहस्थांना तोडगा सुचविला. मागची खोली कापून टाका, वर कापडी छत घाला, लष्करी हिरवा रंग द्या. भंगारांत गेलेल्या एखाद्या जुन्या जीपचे कागद आपण मिळवून देऊं, म्हणजे सर्व कांहीं जमेल, असें तो म्हणाला. दुसऱ्या गाडीचे कागद लावणें व सांगाड्यावरील क्रमांक खोडणें हा उघड गुन्हा आहे. जुनी गाडी घेणाऱ्यानें पुस्तकांतील क्रमांक सांगाड्यावरील क्रमांकाशीं स्वतः ताडून पहावा, तो ह्याचसाठीं. पण गृहस्थांनीं नकार दिला तो एवढ्यावरून नव्हे. ते म्हणाले, “सर, मागची खोली कापली तर बाबांची गाडी उरते कुठें? जीप तर सगळ्यांकडे आहे.”

आमच्या मतें त्यांनीं बरोबर केलें. परदेशी नमुन्याबरहुकूम चकचकीत केलेली गाडी पाहून डोळे सुखावतात, हें खरें. पण १९७१ सालीं घाटकोपरच्या सुतारानें जें केलें तेंच ह्या गाडीचें मूळ रूप, आणि नंतरचें डिझेल इंजिन हाहि तिच्या आयुष्याचाच भाग. परवानगीसाठीं त्यांनीं परिवहन कार्यालयाकडे लेखी विचारणा केली आहे. उत्तर येईल तेव्हां येईल.

तोंवर रविवारीं सकाळीं ती गाडी शेडमधून निघून आवाराच्या फाटकापर्यंत जाते व परत येते. आम्ही गेलों त्या दिवशीं आजोबांबरोबर काम केलेले एक वृद्ध गवंडी मागच्या ओळींत खिडकीशीं जाऊन बसले होते. ती त्यांची नेहमींची जागा, असें कळलें. मिस्त्री खालीं आडवे होऊन चौथ्या चाकाच्या ब्रेकमध्यें नव्या वाट्या बसवीत होते. रस्त्यावर न जाणाऱ्या गाडीच्या ब्रेकवर एवढा खर्च कशाला, असें आम्ही सहज म्हणालों. गाडीखालून उत्तर आलें, “सर, फाटकापाशीं थांबायला नको का?”